बरड जमिनीवरचा टोला

विटीदांडूच्या खेळात सर्वांत आधी जन्माला येते ती गल. दांडूचे टोक जमिनीत रोवून, मग टाचेने, मग सापडेल त्या दगडाच्या धारेने कोरलेला तो लांबट, उथळ खळगा म्हणजे या खेळाचे गर्भगृहच; पण वैशाखातल्या खानदेशात तो कोरणे वाटते तेवढे सोपे नाही. पहिल्या चार-दोन घावांना जमीन नुसती धूळ उडवते आणि आत काही शिरू देत नाही. मग कोणीतरी तांब्याभर पाणी आणतो, ते ओतले की क्षणभर वर तरंगते, माती त्याचा वास घेतल्यासारखी थबकते आणि मग एका घोटात पिऊन टाकते. थोडे थांबून पुन्हा दांडू फिरवला की गल आकार घेऊ लागते. तिची लांबी किती, खोली किती, हे कुठल्या पुस्तकात बघावे लागत नाही. विटी आडवी ठेवल्यावर खालून दांडू सहज सरकला पाहिजे, एवढेच तिचे शास्त्र.

तिची दिशा मात्र आपण जरा थांबून पाहावी, कारण खेळाचे निम्मे चातुर्य इथेच सांडलेले असते. जळगावात काय, धुळ्यात काय, एप्रिल-मेमध्ये खेळायच्या वेळा दोनच: ऊन तापण्याआधीची सकाळ आणि ऊन कलल्यानंतरची संध्याकाळ. सकाळी सूर्य पाठीशी हवा म्हणून गल पश्चिमेकडे तोंड करून खोदायची. त्या वेळी पश्चिमेचा वारा अजून उठलेला नसतो, त्यामुळे टोल्याला अडवणारे कोणी नसते. संध्याकाळी सगळेच उलटते. सूर्य मावळतीला, वारा मावळतीकडूनच येणारा, आणि टोला पूर्वेकडे. म्हणजे ऊन पाठीशी, वाराही पाठीशी आणि झेल घ्यायला उभ्या असलेल्या प्रतिपक्षाच्या डोळ्यांत मात्र थेट किरणे. ज्या मुलांना शाळेत दिशा पाठ करून घ्याव्या लागतात, तीच मुले गल खोदताना सूर्य, वारा आणि उतार यांचा मेळ इतक्या निःशंकपणे घालतात, की पाहणाऱ्याने त्या क्षणी त्यांना काही विचारू नये, नुसते पाहावे.

या खळग्याकडे पाहताना मला गोल्फची आठवण नेहमी होते. एक लहानशी वस्तू, एक काठी, मोकळी विस्तीर्ण भूमी आणि अंतराचे वेड, एवढी सामग्री दोन्ही खेळांची एकच आहे. पण गोल्फमध्ये खेळ खळग्यात जाऊन संपतो आणि आपल्याकडे तो खळग्यातून सुरू होतो. तिकडे मोठ्या प्रदेशातून लहान होत होत एका बिंदूपाशी पोहोचायचे, आणि कमीत कमी टोल्यांत पोहोचेल तो श्रेष्ठ. इकडे एका बिंदूतून उसळून जितके दूर जाता येईल तितके जायचे. एकात आवरण्याचा आनंद आहे, दुसऱ्यात उधळण्याचा. दोन्ही आनंद मोठे आहेत, पण खानदेशच्या मोकळ्या मातीला दुसरा अधिक शोभतो, असे मला मनापासून वाटते.

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, कुंपण आणि सभासदत्व येते. त्याचे मूळ मात्र तसे नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची समुद्रकाठची वालुकामय जमीन ही गावाची जमीन होती. तिथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ सालच्या सनदेत नोंदलेला आहे, आणि मधल्या काळात हातची गेलेली ती जमीन १८९४ साली नगरपालिकेने पार्लमेंटच्या कायद्याने परत मिळवली. आजही जगातल्या त्या सर्वांत प्रख्यात मैदानावर रविवारी साधारणपणे खेळ बंद असतो आणि गावातली माणसे मुलाबाळांना घेऊन तिथे फिरायला येतात. उष्ण आणि कोरड्या मुलखात हा खेळ गेला तेव्हा हिरवळ राखणे परवडेना, म्हणून खळग्याभोवती तेल मिसळलेली वाळू दाबून बसवत आणि तिला ब्राऊन म्हणत. म्हणजे मातकट रंगाशी त्या खेळाचे वैर नव्हते. आपल्या शेजारच्या नाशकात साहेबांच्या काळातले मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेऱ्यांचे नाव मिरवते, ज्या कान्हेऱ्यांनी १९०९ साली नाशकातच कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली. तरी लोकांच्या तोंडी ते अजून गोल्फ क्लबच आहे. तिथे सकाळी चालणाऱ्यांची दाटी असते, क्रिकेटही होते. भूमी सर्वांची झाली की तिच्यावर कोणता खेळ खेळायचा हे तिथली पावलेच ठरवतात.

खानदेशात ही सर्वांची भूमी उन्हाळ्यात अचानक वाढते. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, रब्बीचा गहू-हरभरा घरात आलेला असतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुने सालदार मोकळे होतात, नवे ठरतात, सासुरवाशिणी माहेरी येऊन निंबाच्या झोक्यावर बसतात. आणि नांगर लागेपर्यंतच्या त्या फटीत वावरे कोणाचीच नसल्यासारखी मोकळी पडतात. शहरात हीच मोकळीक मैदाने देतात. जळगावचे सागर पार्क, शिवतीर्थ, धुळ्याचे गरुड मैदान ही नावे उच्चारली तरी तिथल्या तुडवलेल्या मातीचा वास येतो. दोन्ही शहरांच्या महानगरपालिका २००३ सालच्या, पण ही पायाखालची माती त्यांच्याहून कितीतरी जुनी, सभांनी, जत्रांनी आणि क्रिकेटने दाबून दाबून घट्ट केलेली.

आता जरा वाकून ही जमीनच पाहू या, कारण या खेळाचा रस तिच्यातच मुरलेला आहे. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आकसताना तिला भेगा पडतात, काही इतक्या रुंद की विटी त्यांत पडली तर हात कोपरापर्यंत घालून चाचपडावे लागते. दोन भेगांमधला तुकडा वरून गुळगुळीत आणि घट्ट, पण कडेला भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा उचललेला. अशा तुकड्यावर पडलेली विटी टणकन उसळते आणि कडेवर पडलेली तिथेच भुगा करून बसते. धुळ्याकडे निघालो की जमीन पातळ होत जाते, काळ्या मातीखालचा मुरूम वर डोकावतो, आणि साक्री-नंदुरबारच्या वाटेला तर कोणीतरी मुद्दाम बांधून काढलेल्या वाटाव्यात अशा काळ्या पाषाणाच्या सरळ भिंती माळावरून मैलोगणती धावताना दिसतात. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांतच थिजून राहिलेला हा दगड; आजूबाजूचे झिजले, तो उभा राहिला. त्या भिंतींच्या पायथ्याचा मुरमाड माळ हे विटीदांडूचे सर्वांत वेगवान मैदान. तिथे जमिनीला लागलेली विटी थांबायचे नाव घेत नाही. एक टप्पा, दुसरा टप्पा, मग खडीवरून घसरत घसरत ती जिथे जाते तिथपर्यंत पळताना प्रतिपक्षाच्या तोंडाला फेस येतो. याच्या उलट पांझरेचे किंवा गिरणेचे कोरडे पात्र. दिसायला किती सुंदर, किती सपाट! पण वाळूत विटीचे टोक मारले तर ती उसळतच नाही, रुतते. तिथे फक्त कोलता येते, टोला मारता येत नाही. आणि गावातले शेणाने सारवलेले खळे तर इतके गुळगुळीत, की त्यावर खेळणे मोठ्या माणसांना रुचत नाही. म्हणून मुले ते दुरूनच डोळे भरून पाहतात.

म्हणजे काय, तर टोल्याला लागते ती कठीणता. ज्या कोरडेपणाला आपण वर्षभर दूषणे देतो, ज्याच्यामुळे विहिरी आटतात आणि जनावरे छावणीकडे पाहतात, तोच कोरडेपणा इथे विटीच्या पोटाखाली उभा राहून तिला वर फेकतो. याच तापीखोऱ्यातल्या धरणगावात १८९० साली बालकवी जन्मले आणि मराठी कवितेत हिरवाई ओसंडून आली. मला नेहमी वाटते, हिरव्याची एवढी ओढ अशा मातकट मुलखातच उपजू शकते. पण मातकटाचीही एक गोडी आहे, आणि ती पायांना कळते.

विटी पाहू. चार-पाच इंचांचा, दोन्ही टोकांना निमुळता केलेला लाकडाचा तुकडा. बाभळीची फांदी त्याला सर्वांत उत्तम, कारण ती जड आणि चिवट. बोरीचीही चालते, आणि मेहरूणच्या ज्या बोरांनी जळगावचे नाव गोड केले त्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या एकेकाळी पोरांच्या हाती सहज लागत. निंबाची विटी हलकी, लवकर फुटते. कोयत्याने टोके काढताना दोन्हीकडचा उतार एकसारखा साधला नाही तर विटी हवेत भेलकांडते. चांगली विटी तळहातावर आडवी ठेवली की मधोमध तोलून राहते. पोट किंचित भरीव, टोके किंचित वर उचललेली, जमिनीवर ठेवली की फक्त पोटाने टेकलेली. ही टोके अधांतरी राहणे हेच तिचे सारे रहस्य आहे. जमीन आणि टोक यांच्यातल्या त्या बोटभरही नसलेल्या पोकळीत पुढचा सगळा उत्पात दबा धरून बसलेला असतो.

आणि किती जुनी ही विटी! महाभारताच्या आदिपर्वात हस्तिनापुराबाहेर खेळणाऱ्या कुरुकुमारांची वीटा विहिरीत पडते, ती काढता येईना म्हणून ते हिरमुसतात, आणि एक सावळा, कृश ब्राह्मण गवताच्या काड्या एकीला एक जोडत जाऊन ती वर काढून देतो. तो ब्राह्मण म्हणजे द्रोण. त्या वीटेमुळेच त्याला भीष्माच्या घरी आचार्यपद मिळते. पुढचे सारे शस्त्रशिक्षण, अर्जुनाचा लक्ष्यवेध, एकलव्याचा अंगठा, कुरुक्षेत्र, या सगळ्याच्या उगमाशी पोरांचा एक फसलेला टोला आहे, ही गोष्ट मला विलक्षण हृद्य वाटते. काही जण तिथे चेंडू समजतात. परंतु सतराव्या शतकात काशीत बसून महाभारतावर टीका लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धरांनी त्या जागी स्पष्टच सांगून ठेवले आहे, की जवाच्या आकाराचा, जेमतेम वीतभर असा हा लाकडाचा तुकडा मुले हातभर दांड्याने उडवतात. नीलकंठ मूळचे आपल्या गोदाकाठच्या कोपरगावचे. व्यासांचा तो श्लोक उलगडताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोपरगावातली कुठलीतरी गल आली असेल, असे मानायला मला फार आवडते.

आता टोला. सुरुवात कोलण्याने. विटी गलीवर आडवी, दांडूचे टोक तिच्याखाली, गडी गुडघ्यांत वाकलेला, नजर समोर पसरलेल्या प्रतिपक्षाच्या मधल्या मोकळ्या जागा हेरणारी. मग मनगटाचा एक हिसका, आणि विटी माणसांच्या डोक्यांवरून किंवा हातांमधून भिरकावली जाते. कोणी झेलली तर डाव तिथेच संपला. झेलली नाही, तर दांडू गलीवर आडवा ठेवायचा आणि जिथे विटी पडली तिथून प्रतिपक्षाचा गडी ती दांडूवर नेम धरून फेकतो. या नेमाचे सौंदर्य वेगळेच आहे. तो गडी आधी दांडूकडे पाहत नाही, मधल्या जमिनीकडे पाहतो. कुठे भेग, कुठे खडा, टप्पा पाडून न्यावी की सरळ हवेतून. मुरमाड माळावर अनुभवी फेकणारा विटी मुद्दाम लवकर टेकवतो आणि जमिनीलाच तिचा उरलेला प्रवास करायला लावतो.

नेम चुकला की टोल्याचा मान. जिथे विटी आली तिथेच ती ठेवलेली. गडी तिच्या डाव्या बाजूला, पाय फाकून, दांडू सैल हातात. पहिला फटका हलका, टोकावर. इथे आपण डोळे अगदी जवळ नेऊन पाहू या. दांडूची धार निमुळत्या टोकावर पडते, ते टोक खाली दबते, विटी पोटावर गरकन फिरते आणि जमिनीचा प्रतिघात तिला कंबरेपर्यंत उडवतो. फटका टोकाच्या फार बाहेर पडला तर ती बाजूला सटकते, आत पडला तर नुसती दडपली जाते. बरोबर पडला तर ती हवेत स्वतःभोवती गरगरत वर येते, वर गेल्यावर एक निमिष थांबते, आणि त्या निमिषात दुसरा फटका. त्याचा आवाज लाकडावर लाकूड आपटल्याचा नसतो. फटका नेमका मध्यावर बसला तर तो कोरडा, आखूड आणि इतका स्वच्छ असतो, की विटी कुठे गेली हे पाहायच्या आधीच सगळ्यांना कळते, की गेली. काही गडी तर विटी वर असतानाच दांडूने हलकेच आणखी एक-दोनदा उडवतात आणि मग हाणतात. त्याचे जास्तीचे गुण मिळतात, पण मला वाटते ते गुणांसाठी करत नाहीत, त्या गरगरत्या तुकड्याशी आणखी क्षणभर खेळायला मिळावे म्हणून करतात.

टोला हाणला की हवाही त्यात भाग घेते. उंच पठारांवर गोल्फ खेळणाऱ्यांना ठाऊक असते, की विरळ हवेत चेंडू जास्त लांब जातो. बोलिव्हियातल्या ला पाझचे मैदान समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच आहे आणि तिथल्या टोल्यांच्या लांबीचे सर्वांना कौतुक. आपले जळगाव काही उंचावर नाही, तापीच्या खोलगट खोऱ्यात वसलेले आहे. पण हवा उष्णतेनेही विरळ होते. चाळीस अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी हलकी असते, आणि मे महिन्यात संध्याकाळी सहालाही पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळलेला असतो. पौषातल्या टोल्यापेक्षा वैशाखातला टोला थोडा पुढे जातो तो असा. त्यात पाठीशी पश्चिमेचा वारा. उन्हाने ज्यांना दिवसभर घरात कोंडले, त्यांना संध्याकाळी तेच ऊन चार दांडू अंतर जास्त देते.

आणि शेवटी अंतराची गोष्ट, जिच्यात या खेळाचा सगळ्यात खोल रस आहे असे मी मानतो. विटी पडली, थांबली, धूळ बसली. आता टोला मारणाऱ्याने गलीपासून विटीपर्यंत किती दांडू अंतर आहे हे नुसत्या नजरेने सांगायचे असते. प्रतिपक्ष विचारतो, "कितला?" आणि गडी डोळे बारीक करून मधली जमीन पाहतो. हे पाहणे नीट न्याहाळावे. तो सरळ रेषेत पाहत नाही. आधी जवळचा एखादा दगड धरतो, तिथपर्यंतचे दांडू मनात मोजतो, मग त्या मापाने पुढच्या झुडपापर्यंत, मग विटीपर्यंत. उन्हाळ्याच्या झळांत दूरची जमीन पाण्यासारखी हलते आणि अंतर खोटे वाटते. उतारावर ते कमी दिसते, चढावर जास्त. हे सगळे वजा करून तो म्हणतो, "चाळीस." आता प्रतिपक्षाची पाळी. पटले तर चाळीस लागू. नाही पटले तर आव्हान: "मोजी ले!"

मोजणी दांडूनेच. एक जण विटीपाशी दांडू टेकवतो, दुसरा त्याच्या पुढच्या टोकाशी बोट ठेवतो, आणि वकट, लेंड, मूंड, नाल अशी गणती करत सगळा घोळका वाकून गलीकडे सरकू लागतो. मघाशी विटी जी जमीन एका झेपेत ओलांडून गेली, तीच आता दीड-दीड हाताने, गुडघे टेकत, पुन्हा चालायची. भेगेवरून दांडू आडवा जातो तेव्हा वाद होतो, मधल्या खड्ड्यात दांडू उतरवायचा की वरून न्यायचा यावर तर फारच. कोणी आखूड मोजतोय का यावर दोन्ही पक्षांच्या डोळ्यांत तेल. या वादात जो आवेश असतो त्याला कोणी भांडण म्हणू नये. अंतराबद्दल इतका जिवापाड आग्रह धरणारी मुले जमिनीचा प्रत्येक वीतभर तुकडा त्या वेळी बोटांनी वाचत असतात.

अंतर मागितल्यापेक्षा कमी भरले, तर मागितलेले सगळे गेले आणि डावही गेला. जास्त भरले, त्रेचाळीस भरले, तरी मिळतात ते चाळीसच. म्हणून जाणता गडी लोभ धरत नाही आणि भितोही नाही. तो जमिनीशी इतका सलगीत असतो, की एकोणचाळीस म्हणावे की चाळीस यावर त्याचे ओठ क्षणभर थबकतात, आणि खरा रसिक तेव्हा विटीकडे पाहत नाही, त्या ओठांकडे पाहतो.